लग्नासाठी युक्रेनियन रुश्निक भरायचाय? मग हे आधी वाचा

माझ्या युक्रेनियन मैत्रिणीच्या लग्नाला मी स्वतः भरलेला रुश्निक दिला, तेव्हापासून बऱ्याच जणी विचारतात कसा केला, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

रुश्निक म्हणजे लांब, अरुंद लिननचं कापड, दोन्ही टोकांना भरतकाम, बहुतेक लाल. लग्नात तो जागोजागी लागतो. नवरानवरी चर्चमध्ये त्यावर उभे राहतात, दोघांचे हात त्याने बांधतात, कोरोवाय म्हणजे लग्नाचा सजवलेला पाव त्यावर ठेवून आणतात. पूर्वी मागणी घालायला आलेल्यांना मुलीने रुश्निक दिला की होकार आणि भोपळा दिला की नकार! त्यामुळे कुठल्या कामासाठी हवाय ते आधी विचारून घ्या, कारण उभं राहायच्या रुश्निकचा मधला भाग पूर्ण कोरा सोडतात, भरतकामावर पाय पडू नये म्हणून.

कापड सलग एकच घ्यायचं, मधे जोड नको, जोडप्याचं आयुष्य अखंड राहावं अशी त्यामागची भावना आहे. साधारण दोन मीटर लांब आणि ४५ सेंमी रुंद पुरतं. २८ काउंटचं (म्हणजे इंचाला २८ धागे असलेलं) लिनन घेऊन दोन-दोन धाग्यांवर फुलीचा टाका घातला तर इंचाला १४ फुल्या बसतात, म्हणजे २०० फुल्यांचं डिझाइन साधारण ३६ सेंमी होतं आणि दोन्ही बाजूंना साडेचार सेंमी मोकळं राहतं. कापड आधी धुवून घ्याच, लिनन आटतं.

डिझाइनमध्ये कुंडीतून उगवणारं जीवनवृक्षाचं झाड, समोरासमोर बसलेली पक्ष्यांची जोडी (एकटा पक्षी नको), कलिना या झुडपाची लाल फळं, ओकची पानं, द्राक्षं असं घेतात. गुलाबांची फुलीच्या टाक्याची डिझाइन्स खूप दिसतात, ती १९व्या शतकाच्या शेवटी मॉस्कोच्या ब्रोकार कंपनीच्या साबणाच्या वेष्टणांवरून गावोगाव पसरली. त्याआधीचे टाके वेगळे होते आणि मला तेच जास्त आवडतात, पण पहिल्यांदा करताना फुलीचा टाकाच बरा. मुलीचं गाव पोल्ताव्हाकडचं असेल तर तिथलं पांढऱ्यावर पांढरं भरतकाम प्रसिद्ध आहे, ते पण विचारून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रुश्निक लटकवला की दोन्ही टोकं खाली येतात, म्हणून दोन्ही झाडांची मुळं कापडाच्या कडेकडे आणि शेंडे मध्याकडे पाहिजेत. एक टोक झालं की कापड पूर्ण उलटं फिरवायचं आणि तसंच दुसरं भरायचं. मी घाईत दुसरं टोक न फिरवताच सुरू केलं होतं, झाड उलटं लटकणार हे चार दिवसांनी लक्षात आलं आणि सगळं उसवलं. वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला जाऊ द्या, अर्ध्या वळणाने दिशा बदलत नाही पण पाव वळण दिलं की बदलते.

गाठ अजिबात मारायची नाही. मागची बाजू पण पुढच्यासारखीच स्वच्छ हवी, युक्रेनमधल्या बायका आधी उलटं करूनच बघतात. दोऱ्याचा एक पदर दुप्पट लांब कापून दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा, पहिला टाका घातला की मागे राहिलेल्या फासातून सुई काढा, बसला धागा. संपताना चार-पाच टाक्यांखालून सरकवून कापा. सुई बोथटच घ्या.

दोऱ्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या कापसावर दाबून आधीच बघा, लाल रंग लिननवर उतरला तर महिन्यांची मेहनत गेली. वेळ भरपूर धरा, दोन्ही टोकं मिळून तीस हजार फुल्या झाल्या तर तासाला सव्वाशे धरून अडीचशेच्या आसपास तास लागतात, रोज दोन तास बसलात तरी चार महिने.

झालं की थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागून इस्त्री करा. आणि पाठवताना घडी घालू नका, नळीवर गुंडाळून द्या, घडीची रेघ लिननवरून लवकर जात नाही.