विमानाच्या पंखाच्या ऑप्टिमायझेशनकडे वळताय? आधी हे वाचा

पुण्यात सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) शिकलेल्यांचा हात बहुधा गाड्यांवर बसलेला असतो. हिंजवडी-चाकणच्या कामांमुळे मेशिंग (हवेची जागा बारीक चौकटींत कापणं) जमतं, टर्ब्युलन्स (खळबळता प्रवाह) मॉडेलची नावं पाठ असतात. शॉकशी, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान हवा जिथे एकदम मंदावते त्या लाटेशी, गाठ मात्र पंखाकडे आल्यावरच पडते.

साधनांना पैसे लागत नाहीत. एसयू२ हे सीएफडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात ॲडजॉइंट तयार मिळतं, म्हणजे आकार जरा बदलला तर ड्रॅग किंवा लिफ्ट किती बदलेल हे सगळ्या व्हेरिएबलसाठी एकदम काढून देणारं गणित. अँटनी जेमसन यांनी १९८८ मध्ये विमानाच्या आकारासाठी मांडलेली ही पद्धत. आकाराचे शंभर व्हेरिएबल असतील तर फायनाइट डिफरन्सला (एकेक व्हेरिएबल हलवून फरक मोजायला) शंभर जादा रन लागतात. इथे ड्रॅगसाठी (हवेचा अडथळा) एक ॲडजॉइंट, लिफ्टसाठी (उचल) एक, झालं. महागड्या सर्टिफिकेटांच्या नादी लागू नका, त्यात फक्त बटणं कुठे आहेत ते दाखवतात.

आता माझं अख्खं सेमिस्टर खाल्लेली गोष्ट. आरएई २८२२ हा एअरफॉइल (पंखाचा आडवा छेद) घ्या, मॅक (ध्वनीच्या वेगाच्या किती पट वेग) ०.७३४, लिफ्ट कोइफिशंट (लिफ्टचं माप) ०.८२४. ऑप्टिमायझर लावला की शॉक विरघळतो, ड्रॅग घसरतो, प्रेशरचा आलेख लोण्यासारखा गुळगुळीत होतो. गाइड खूश. (रंगीत चित्रांवर खूश होणाऱ्या गाइडपासून जरा जपूनच.) मग तोच आकार, तेवढ्याच लिफ्टला, मॅक ०.७१ वर चालवून बघा. वरच्या पृष्ठभागावर हवा वेग घेते, शॉकला धडकते, पुन्हा वेग घेते आणि पुन्हा धडकते. एकाच बिंदूवर घासलेल्या आकारांत असे दोन शॉक सर्रास दिसतात. म्हणजे शॉक गेलेला नसतो, तेवढ्या एका मॅकपुरता दबलेला असतो. खरं विमान इंधन जाळत हलकं होत जातं, त्याला लागणारी लिफ्ट बदलत राहते. एका बिंदूवर ते उडतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मॅक आणि लिफ्टच्या तीन-चार जोड्या घ्या. कुठल्या जोडीला किती महत्त्व द्यायचं हे सॉफ्टवेअर सांगणार नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

एअरफॉइलच्या क्षेत्रफळाचं बंधन विसरलात तर ऑप्टिमायझर तो पापडासारखा पातळ करून ठेवेल. मग स्पार (पंखातली तुळई) आणि इंधन कुठे बसवणार?

टू-डीला, म्हणजे नुसत्या छेदाला, साधा लॅपटॉप पुरतो, क्लस्टर नाही म्हणून अडून बसू नका. सुरुवातीचा बराच वेळ ॲडजॉइंटचे ग्रेडियंट (बदलाचे दर) फायनाइट डिफरन्सशी ताडून बघण्यात जाईल. जाऊ द्या, सगळ्यांचाच जातो. पण ते जुळेपर्यंत ऑप्टिमायझरला हात लावायचा नाही.