मूलकणांची ओळख: घरी बांधलेल्या क्लाउड चेंबरपासून

मूलकणांचा अभ्यास बहुधा सतरा रंगीत चौकटींच्या तक्त्याने सुरू होतो आणि पुष्कळांच्या बाबतीत तो त्या तक्त्यापाशीच संपतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) होऊन पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकू लागणाऱ्या मुलांना तर क्वार्क, लेप्टॉन, बोसॉन ही नावे पाठांतराचा आणखी एक धडा वाटतात. म्हणून तक्ता बाजूला ठेवून आधी कणांचे माग डोळ्यांनी पाहावेत आणि कोणत्या बलाने काय घडवले हे त्या मागांवरून समजून घ्यावे, असे मला वाटते. त्यासाठी लागणारे क्लाउड चेंबर एखाद्या सुट्टीच्या दिवशी शाळेत किंवा घरी बांधता येते.

याचे तत्त्व सोपे आहे. बंद पेटीच्या वरच्या बाजूला अल्कोहोलने भिजवलेला नमदा असतो आणि तळाला अतिशय थंड धातूचा पत्रा असतो. वर तयार झालेली वाफ खाली उतरते, पत्र्याजवळ एकदम थंड होते आणि तिथे सुमारे एक सेंटीमीटर जाडीच्या थरात ती अतिसंपृक्त होते. म्हणजे थेंब व्हायला ती तयार असते, पण थेंब धरण्यासाठी तिला आधार मिळत नसतो. विद्युतभारित कण या थरातून जाताना वाटेतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, मागे आयनांची रांग राहते आणि त्या आयनांभोवती थेंब धरतात. उंचावरून गेलेले विमान दिसले नाही तरी त्याची पांढरी रेघ दिसते, तसाच हा प्रकार आहे. सी. टी. आर. विल्सन यांनी 1911 मध्ये असे माग प्रथम पाहिले आणि 1927 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) 1932 मध्ये आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण पुष्कळ जड कण) 1936 मध्ये सापडला, तो अशाच उपकरणाच्या साहाय्याने. विल्सन यांच्या उपकरणात हवा एकदम प्रसरण पाववावी लागे. येथे सांगितलेला थंड पत्र्याचा प्रकार 1939 मधला असून तो सतत चालू राहतो.

साहित्यात मासे ठेवण्याची काचेची छोटी पेटी, साधारण 30 सेंटीमीटर लांब आणि 20 सेंटीमीटर रुंद, पुरेशी आहे. तिच्या तोंडापेक्षा थोडा मोठा असा तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून कापून घ्यावा आणि त्याला चकाकी नसलेला काळा रंग द्यावा, कारण पांढरे माग काळ्या पार्श्वभूमीवरच दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल किमान 99 टक्के शुद्ध असावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 70 टक्क्यांच्या द्रावणात पाणी असते आणि त्याने काम होत नाही. नमदा गोंदाने चिकटवू नये, कारण अल्कोहोलने गोंद विरघळतो. काचेच्या आतून आणि बाहेरून एकेक चुंबक लावून तो धरून ठेवावा. याशिवाय थर्मोकोलचा ट्रे, फट बुजवण्यासाठी खेळण्याची माती आणि प्रखर एलईडी विजेरी लागते. विजेरी बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी अडत नाही, उलट खोलीत अंधार होतो तो सोयीचाच ठरतो.

खरी अडचण शुष्क बर्फाची, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडची असते. आपल्याकडे फौंड्रीत वाळूचे कोअर कडक करण्यासाठी हा वायू वापरतात, त्यामुळे त्याचे पुरवठादार गावात आहेत. मात्र घनरूपात तो रोज मिळेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी आणि गरज पडल्यास हुबळी किंवा कोल्हापूरहून मागवावा. दोन-तीन किलो पुरतो. त्याचे तापमान उणे 78.5 अंश सेल्सियस असते, त्यामुळे जाड हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. तो हवाबंद डब्यात कधीही ठेवू नये, कारण वायूच्या दाबाने डबा फुटतो. प्रयोगाच्या खोलीची एक तरी खिडकी उघडी असावी. अल्कोहोल सहज पेट घेते, म्हणून जवळपास शेगडी, निरांजन किंवा उदबत्तीही नको.

मांडणी करताना नमदा अल्कोहोलने चिंब करावा, मात्र त्यातून थेंब गळता कामा नये. पेटी पत्र्यावर पालथी घालावी, कडेची फट मातीने बुजवावी आणि हे सगळे ट्रेमधल्या शुष्क बर्फावर ठेवावे. बर्फाचे मोठे खडे असतील तर ते फडक्यात बांधून हातोडीने बारीक करावेत, कारण पत्रा सगळीकडून बर्फाला टेकला पाहिजे. प्रयोग फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. पुढे दहा ते पंधरा मिनिटे केवळ वाट पाहावी. सुरुवातीला तळाशी बारीक पावसासारखे धुके दिसते. विजेरीचा झोत बाजूने, पत्र्याला जवळजवळ घासत जाईल असा सोडावा आणि आपण वरून तिरके पाहावे; झोत वरून पाडल्यास काहीच दिसत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हवेत इतकी आर्द्रता असते की काचेवर बाहेरून सतत पाणी साचते. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला उत्तम.

धुके स्थिरावले की माग दिसू लागतात. बारीक, सरळ आणि लांब रेघ बहुधा म्यूऑनची असते. वेडीवाकडी, मधेच दिशा बदलणारी बारीक रेघ कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची असते. इलेक्ट्रॉन हलका असल्याने प्रत्येक टकरीत भरकटतो. जाड, ठसठशीत आणि काही सेंटीमीटरमध्येच संपणारा माग अल्फा कणाचा, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांच्या गाठोड्याचा असतो. अल्फा कण हमखास पाहायचे असतील तर टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन इलेक्ट्रोडचा एक तुकडा पेटीत ठेवावा. लाल खुणेच्या इलेक्ट्रोडमध्ये सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड असते. हा तुकडा घासू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. त्या हिशेबाने 600 चौरस सेंटीमीटरच्या आपल्या पत्र्यातून सेकंदाला दहा तरी म्यूऑन जातात, पण डोळ्यांना तेवढे माग दिसत नाहीत. बहुतेक म्यूऑन वरून खाली येतात आणि संवेदनशील थर जेमतेम सेंटीमीटरभर जाड असतो, त्यामुळे उभ्या म्यूऑनचा माग ठिपक्याएवढाच उमटतो आणि लांब रेघ उमटते ती आडव्या-तिरक्या येणाऱ्यांची. हे लक्षात न घेतल्याने पुष्कळ जण चेंबर बिघडले असे समजून मांडामांड मोडून बसतात.

आता एकाच म्यूऑनचा प्रवास मागे जाऊन पाहावा, म्हणजे बलांची ओळख आपोआप होते. अंतराळातून आलेला अतिवेगवान प्रोटॉन सुमारे 15 किलोमीटर उंचीवर हवेतल्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळतो. ही टक्कर प्रबल बलाची, म्हणजे अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलाची असते. प्रोटॉन तीन क्वार्कांचा बनलेला असतो: दोन अप आणि एक डाउन. ग्लुऑन नावाचे कण त्यांना बांधून ठेवतात, आणि प्रोटॉनच्या वस्तुमानापैकी त्या तीन क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान जेमतेम एक टक्का भरते. बाकीचे सगळे या बंधनातल्या ऊर्जेचे असते. या एका गोष्टीवर विद्यार्थ्याने जरा थांबून विचार करावा, कारण आपल्या देहाचे वजनही बहुतांशी तेच आहे. टकरीतून पायॉन बाहेर पडतात, म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांच्या जोड्या.

विद्युतभारित पायॉन सरासरी 26 नॅनोसेकंद टिकतो आणि त्यातून म्यूऑन व न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण) निर्माण होतात. हे काम दुर्बल बलाचे, म्हणजे एका कणाचे दुसऱ्यात रूपांतर घडवणाऱ्या बलाचे. त्याचे वाहक, म्हणजे ते बल पोहोचवणारे, डब्ल्यू आणि झेड हे कण असून ते 1983 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत सापडले. डब्ल्यूचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे 86 पट आहे आणि वाहक इतका जड असल्यामुळेच या बलाचा पल्ला अणुकेंद्राच्याही पुष्कळ आत संपतो. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड असा त्याचाच भाऊबंद आहे, आणि तोही दुर्बल बलानेच सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत नष्ट होऊन इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो मागे ठेवतो.

इथे एक गणित स्वतः करून पाहावे. प्रकाशाच्या वेगाने 2.2 मायक्रोसेकंदांत केवळ 660 मीटर अंतर कापले जाते. मग 15 किलोमीटरवरचा म्यूऑन बेळगावच्या खोलीत पोहोचतो कसा? जमिनीवर येणाऱ्या म्यूऑनची सरासरी ऊर्जा सुमारे 4 जीइव्ही (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते. सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार अशा म्यूऑनचे आयुष्य आपल्या घड्याळाने सुमारे 38 पट लांबते आणि 660 मीटरचे 25 किलोमीटर होतात. पत्र्यावर दिसणारी प्रत्येक लांब रेघ अशी कालविस्ताराचा पुरावाच असते.

प्रत्यक्ष रेघ उमटवते ते विद्युतचुंबकीय बल. त्याचा वाहक फोटॉन वस्तुमानरहित असल्याने त्याचा पल्ला अमर्याद आहे, आणि म्हणूनच भारित कण दुरूनही रेणूंमधले इलेक्ट्रॉन खेचून काढू शकतो. अल्फा कणावरचा भार दुप्पट आणि वेग पुष्कळ कमी, त्यामुळे त्याचा माग जाड उमटतो. गुरुत्वाकर्षण या पेटीत दिसत नाही: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातले विद्युत आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा सुमारे 10 च्या 39 व्या घाताइतके मोठे असते.

न्यूट्रिनोला विद्युतभार नसतो आणि त्याच्यावर प्रबल बलही चालत नाही, म्हणून तोही दिसत नाही. सूर्याकडून येणारे सुमारे 6500 कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला दर चौरस सेंटीमीटरमधून जातात, तरी पेटीत काही उमटत नाही. तो पकडायचा तर म्यूऑनांचा गलबला टाळावा लागतो, आणि त्यासाठी आपल्याच कर्नाटक राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल उपकरणे मांडली गेली. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद तिथे 1965 मध्ये झाली. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा त्या कामात प्रमुख वाटा होता.

एवढे झाल्यावर तक्ता उघडावा. सहा क्वार्क, सहा लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि न्यूट्रिनो याच कुळातले), बलांचे चार प्रकारचे वाहक आणि 2012 मध्ये सापडलेला हिग्ज बोसॉन, अशा सतरा चौकटींपैकी अप, डाउन, इलेक्ट्रॉन, म्यूऑन, न्यूट्रिनो, फोटॉन, ग्लुऑन आणि डब्ल्यू यांना आता कामासकट ओळखता येते. उरलेल्यांची घाई नको.

पुढची पायरी म्हणून पत्र्याखाली निओडिमियम चुंबक ठेवून पाहण्यास हरकत नाही. कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचे माग त्याच्याजवळ वळलेले दिसतात. म्यूऑनचे मात्र दिसत नाहीत, कारण 4 जीइव्हीच्या म्यूऑनची वक्रता अर्धा टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात 20 सेंटीमीटर अंतरावर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढीही भरत नाही. चुंबक ठेवण्यापूर्वीचे आणि नंतरचे माग मोबाइलवर चित्रित करून संथ गतीने पाहावेत. प्रयोग संपल्यावर उरलेला शुष्क बर्फ मोरीत ओतू नये, कारण पाइप तडकतात. तो उघड्या अंगणात मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी पूर्ण उडून जाईपर्यंत ठेवावा, आणि नमदा सावलीत, वाऱ्यावर वाळवावा.