अंध पोरांना डीजेइंग शिकवायचंय? सिंक बटण विसरा
पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडू नका, आधी कंट्रोलरवर (गाणी मिसळायचं बटणांचं यंत्र) पोरांचे हात फिरवू द्या, प्ले, क्यू (गाणं ठरलेल्या जागी परत नेणारं बटण) आणि ईक्यूच्या बासच्या नॉबवर (खालचा, जड आवाज कमी-जास्त करणारा) उठावदार ठिपक्याचे स्टिकर चिकटवा, फक्त तीन-चारच हं, सगळीकडे चिकटवले की काहीच कळत नाही.

मग टाळ्या. हाऊसचं (एक प्रकारचं डान्स म्युझिक) गाणं लावा, १२० ते १२८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला तितके ठोके, आणि चार-चार मोजायला लावा, ३२ बीट झाले की गाण्यात बहुतेक वेळा काहीतरी बदलतं, ते पोरं आपल्याआधी पकडतात (ढोल-ताशा पथकात वाजवणारं कोणी असेल तर विचारूच नका).

बीटमॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, कानानंच; सिंक बटण ते आपोआप करतं, म्हणूनच ते विसरा. हेडफोनचा एक कान दुसऱ्या गाण्याला, दुसरा कान मोकळा, दोन्ही गाण्यांच्या किक (ड्रमचे जड ठोके) घोडा पळाल्यासारख्या टकडक-टकडक वाजल्या म्हणजे जुळलं नाही, मग पिच फेडर (गाण्याचा वेग बदलणारी सरकपट्टी) जरा सरकवा. आणि दोन्ही गाण्यांचा बास एकदम चालू ठेवायचा नाही, एकाचा काढा मग दुसऱ्याचा आणा.

प्रॉडक्शनसाठी, म्हणजे स्वतःचं गाणं बनवायला, रीपर हे सॉफ्टवेअर घ्या, त्यावर ओसारा हे जोड-सॉफ्टवेअर टाकलं की एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) ट्रॅकची नावं, व्हॉल्यूम सगळं वाचून दाखवतो, एनव्हीडीए आणि ओसारा दोन्ही फुकट आहेत. आयपॅड असेल तर djay नावाच्या ॲपमध्ये व्हॉइसओव्हर (आयपॅडचा स्वतःचा स्क्रीन रीडर) चालतं.

फक्त "इथे दाबा" म्हणू नका, "उजव्या डेकचं खालचं बटण" म्हणा (डेक म्हणजे कंट्रोलरवरचा एका गाण्याचा भाग).