बाकल्याची घरची बी धरताय? या चुका टाळा

बाकला (फाबा बीन) उगवायला अवघड नाही. थंड हवा, पाण्याचा निचरा आणि पाच-सात सेंटीमीटर खोल पेरणी एवढ्यावर तो येतो. खऱ्या चुका होतात त्या बी धरताना. हे पीक माणसाच्या ताटात आणि जनावरांच्या गव्हाणीत जातं, त्यामुळे या चुका नुसत्या उत्पन्नावर भागत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याला वाटाण्यासारखा स्वपरागी समजणं. मधमाश्या आणि भुंगे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास आणि कधी निम्म्याहून जास्त बी परपरागीभवनातून तयार होते. दोन वाण शेजारी असतील तर भेसळ ठरलेलीच. वाणांमध्ये काहीशे मीटर अंतर ठेवा, नाहीतर बियाण्यापुरती झाडं जाळीखाली घ्या. जाळीत माशी येत नाही, म्हणून फुलं बोटांनी हलकेच दाबून उघडावी लागतात, नाहीतर शेंगा कमी धरतात.

पांढऱ्या फुलांच्या वाणात ही भेसळ जास्त महागात पडते. ज्या फुलावर काळा ठिपका अजिबात नसतो, त्याच्या बियांत टॅनिन (प्रथिनांच्या पचनात आड येणारं तुरट द्रव्य) नगण्य असतं, म्हणून कोंबड्या-डुकरांना त्यातली प्रथिनं नीट पचतात. पण रंगीत फुलाचे पराग लागले तरी त्या वर्षी बी पाहून काही कळत नाही. टॅनिन बियांच्या सालीत असतं आणि साल आईच्या झाडाची असते. दोष पुढच्या हंगामात दिसतो, पांढऱ्या ओळीत ठिपक्याचं फूल उमलतं तेव्हा. ते झाड त्याच दिवशी उपटा, कारण माशी थांबत नाही. आणि दोन पांढऱ्या वाणांचा संकर पांढराच निघेल असंही धरून चालू नका. पांढरेपणा दोन वेगवेगळ्या जनुकांतून येतो. दोन्ही वाणांची जनुकं वेगळी असतील तर संकराची फुलं रंगीत निघतात आणि टॅनिन परत येतं.

पांढरं फूल म्हणजे निर्धोक बी, हा समजही सोडा. व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन ही द्रव्यं टॅनिनपासून वेगळी आहेत, त्यांचं जनुकही वेगळं. ज्यांच्या शरीरात जी६पीडी एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी बाकला खाल्ल्यावर फुटू शकतात. लहान मुलांत हा धोका जिवावर बेततो. भिजवून-शिजवून ही द्रव्यं कमी होतात, पण त्या भरवशावर अशा माणसाला बाकला वाढू नये. अंडी देणाऱ्या कोंबड्यांनाही व्हायसिन बाधतं, अंड्यांचा आकार घटतो. त्यांच्यासाठी कमी व्हायसिनचं प्रमाणित बियाणंच घ्या. खाद्य बनवताना एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रथिनांच्या घटकांपैकी (अमिनो आम्लांपैकी) बाकल्यात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन तोकडं असतं, तेव्हा त्याला धान्य आणि तेलबियांच्या पेंडीची जोड हवीच.

निवड करतानाही मोह होतो. शेतात सगळ्यात उंच, झुपकेदार दिसणारं झाड बरेचदा संकरित असतं. त्याचा जोम पुढच्या पिढीत टिकत नाही आणि लेकरं विस्कटलेली निघतात. एका देखण्या झाडावर भिस्त ठेवू नका, काही डझन निरोगी झाडांची बी एकत्र करा.

शेंगा धरत नाहीत म्हणून घाबरून फवारणी करू नका. बाकल्याची बहुतेक फुलं गळतातच. गळ वाजवीपेक्षा जास्त वाटली तर आधी तापमान पाहा, तीस अंशांच्या वर गेलं की फूल टिकत नाही. मग फुलाच्या देठाजवळचा भाग तपासा. तिथे बारीक भोक असेल तर आखूड जिभेचे भुंगे बाजूने मध चोरून नेत आहेत, पराग मात्र पोचत नाहीत. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तर उरलेला उपयोगी पाहुणाही जातो. मावा कोवळ्या शेंड्यावरच बसतो, खालच्या शेंगा दिसू लागल्या की शेंडा खुडा.

पिवळेपणा दिसताच युरिया टाकायचीही घाई नको. झाड उपटून मुळाची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे. हिरवट-करडी निघाली किंवा गाठीच नसतील, तर पुढच्या पेरणीला बियाण्याला बाकल्याचं रायझोबियम (मुळांच्या गाठीत नत्र साठवणारे जिवाणू) लावा. आणि दाट पेरणी टाळा, दमट हवेत पानांवर चॉकलेटी ठिपके पसरायला तेवढं पुरतं.