शाम्पू-क्रीमच्या कारखान्यातलं ईटीपी: नव्या केमिस्टसाठी

ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर) रुजू झालात की आधी प्रॉडक्शनमध्ये जाऊन व्हेसल कसं धुतात ते बघा. 500 किलोच्या बॅचमधलं 5 किलो क्रीम भिंतींना चिकटून राहिलं आणि त्यात 20 टक्के तेल असलं, तर 1 किलो तेल पाण्यात जाणार. एक ग्रॅम तेलाचा सीओडी (रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) जवळपास 3 ग्रॅम. 500 लिटर पाण्यात धुतलं, तर नुसत्या तेलापायी सीओडी 6,000 मिलिग्रॅम प्रति लिटर होतो. नदी-नाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा आहे 250. तेच क्रीम रबरी स्क्रॅपरने आधी खरवडून काढलं, तर त्याच्यासाठी ना तुरटी लागते ना वीज. ऑपरेटरला हे पटवणं तुमचंच काम.

कंडिशनरचं धुवण वेगळ्या टाकीत धरा. त्यातले क्वाट (केस मऊ करणारी अमोनियम संयुगं) धनभारित, शाम्पूतलं एसएलईएस (फेस आणणारं द्रव्य) ऋणभारित. दोन्ही भेटले की चिकट पांढरा साका धरतो, पंप चोक होतो. शिवाय क्वाट एकदम सुटले तर एरेशन टँकमधले (हवा सोडलेल्या टाकीतले) घाण खाणारे जिवाणू मरतात. म्हणून थोडं थोडं सोडायचं.

प्रॉडक्ट बदललं की जार टेस्ट (बीकरमध्ये तुरटीचा योग्य डोस शोधायची चाचणी) करायचीच, कालचा डोस आज चालत नाही. तुरटीचं 1 टक्का द्रावण करा: लिटरभर नमुन्यात 1 मिली म्हणजे 10 मिलिग्रॅम. सहा बीकरमध्ये 20 ते 70 मिली घाला. मिनिटभर जोरात ढवळा, 15 मिनिटं हळू, मग अर्धा तास हात लावू नका. तुरटीने पीएच उतरतो, तो चुन्याने 6 ते 7 मध्ये राखा. पाणी दुधाळच राहिलं तर इमल्शन (पाण्यात मिसळून राहिलेलं तेल) फुटलेलं नाही. आधी ॲसिडने पीएच 2-3 वर आणा, वर आलेलं तेल काढा, मग चुना आणि तुरटी. पॉलीची (गाळाचे कण एकत्र बांधणाऱ्या पॉलिइलेक्ट्रोलाइटची) पावडर फिरत्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरा, नाहीतर गुठळ्या होतात. पॉली जास्त पडली की गाळ बुळबुळीत होतो आणि फिल्टर प्रेसचं (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राचं) कापड बुजतं.

या पाण्यात नत्र-स्फुरद जवळपास नसतंच, त्यामुळे जिवाणू उपाशी राहतात. 10 किलो बीओडीमागे (जिवाणूंना घाण खायला लागणाऱ्या ऑक्सिजनमागे) साधारण 900 ग्रॅम युरिया आणि अर्धा किलो डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) द्या.

शाम्पू घट्ट करायला मीठ घालतात. त्यातल्या क्लोराइडमुळे सीओडीचं रीडिंग खोटंच चढतं, म्हणून टेस्टमध्ये मर्क्युरिक सल्फेट विसरू नका. उरलेलं द्रावण पाऱ्याचं आहे. ते सिंकमध्ये न ओतता कॅनमध्ये साठवा.