तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार थेट पिळू नये
जुन्या घरातील ॲल्युमिनियमच्या वायरिंगला तांब्याची नवी तार जोडताना दोन्ही टोके एकमेकांत पिळून वर टेप गुंडाळणे धोक्याचे आहे. कारण ओलावा लागताच या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते, त्यावरील ऑक्साइडचा थर विजेला अडवतो, आणि तापल्यावर ते तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने सांधा सैल होऊन जळू लागतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तर हे लवकरच घडते. अशा ठिकाणी मेन स्विच बंद करून, शक्यतो जाणत्या वायरमनकडूनच, बायमेटॅलिक लग (एका बाजूला तांबे आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेले, तारेच्या टोकाला बसवायचे जोड-टोक) किंवा दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर बसवून घ्यावा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असल्याने तेवढ्याच भारासाठी त्याची तार अधिक जाड लागते.