फायरमन व्हायचंय? पैसे भरायच्या आधी सर्टिफिकेट कुणाचं ते बघा

बारावी झाल्यावर मी जी चूक केली ती आठवली की अजून पोटात कालवतं. म्हणून हे लिहितोय. आमचं गाव गुहागर तालुक्यात, बाबा होडीवर. एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटची जाहिरात बघितली, एक वर्षाचा फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, सरकारी नोकरी नक्की. बाबांनी होडीच्या इंजिनासाठी बाजूला ठेवलेले 55 हजार मला दिले आणि एक शब्द विचारला नाही. वर्षभर रूम घेऊन राहिलो, डिप्लोमा झाला, भरती निघाली, धावलो, लेखी काढली, आणि कागदपत्रं तपासायच्या दिवशी टेबलावरच्या साहेबांनी फाईल दोन मिनिटं चाळून परत दिली. म्हणाले, हे चालत नाही.

का चालत नाही ते नीट समजून घ्या, कारण माझ्यासोबत त्या लाईनीत आणखी तिघं होते. नगरपरिषद, महापालिकेच्या जाहिरातीत अग्निशमन विमोचक किंवा फायरमन पदाच्या खाली शैक्षणिक अर्हता लिहिलेली असते. बहुतेक ठिकाणी तिथे दहावी किंवा बारावीनंतर एक ओळ असते, राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई यांचा 6 महिन्यांचा अग्निशमन प्रशिक्षण पाठ्यक्रम उत्तीर्ण. सगळा खेळ त्या ओळीत आहे. हा कोर्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा, त्यांचं ऑफिस सांताक्रूझला कलिन्यात. तुमचा डिप्लोमा वर्षाचा असो नाहीतर दोन वर्षांचा, जाहिरातीत लिहिलेला नसेल तर तो शून्य. इन्स्टिट्यूटवाले सांगतात 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड'. अहो, संस्था रजिस्टर्ड असते, ट्रस्ट म्हणून किंवा कंपनी म्हणून, त्याचा अर्थ कोर्सला भरतीत मान्यता आहे असा होत नाही! 'समकक्ष' म्हणाले तर समकक्ष असल्याचा शासनाचा कागद मागा, कागद नसेल तर उठून या. मी मागितला नव्हता, कारण समोरचा माणूस टाय लावून बोलत होता आणि मी गावातून आलेलो.

मग करायचं काय तर, ज्या दलात जायचंय त्याच्या मागच्या दोन-तीन भरत्यांच्या जाहिराती डाऊनलोड करा, अर्हतेची ओळ शब्द न शब्द वाचा, मग फी भरा. मुंबई महापालिकेसारखं मोठं दल मुलं घेऊन स्वतःच ट्रेनिंग देतं, तिथली गोष्ट वेगळी. उंची आधी मोजून घ्या, बऱ्याच ठिकाणी 165 सेंमी लागते, सगळं झाल्यावर एका सेंमीने बाहेर पडलेला पोरगा मी बघितलाय.

आणि ज्यांनी डिप्लोमा करून टाकलाय त्यांनी लगेच खचू नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मुळे इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत फायर सिस्टिम चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते लायसन्सवाल्या एजन्सी देतात. त्यांच्याकडे माणसं लागतात. लोटे परशुराम, महाडच्या केमिकल कंपन्यांतही काम मिळतं. मी दीड वर्ष तसंच काढलं, पगारातून बाबांचे पैसे फेडले आणि मग 6 महिन्यांच्या कोर्सला गेलो. वय निघून जाईल ही भीती तेव्हा रोज रात्री असायची.

कोर्समध्ये स्क्वॉड ड्रिल, लॅडर, होज, पंप, बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायचा हवेचा सिलेंडर आणि मास्क), सगळं घासून घेतात. पण कोकणात नोकरी करणार असाल तर एक गोष्ट मला ड्युटीवर आल्यावर कळली, इथे एकटं दल काही करू शकत नाही. फेब्रुवारी-मार्चला वणवे लागतात, आंबा-काजूच्या बागांपर्यंत बंब पोचत नाही, गावकऱ्यांबरोबर हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची. लोटे परशुरामच्या कंपनीत एखादा सॉल्व्हंट, म्हणजे पटकन पेट घेणारं रसायन, पेटला तर नुसतं पाणी मारून भागत नाही, फोम लागतो, आणि आत नेमकं काय साठवलंय ते कंपनीचा माणूस सांगेल तेव्हाच पाऊल टाकायचं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडच्या तळियेवर दरड आली. एनडीआरएफची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, म्हणजे मधे सह्याद्री. ती पोचेपर्यंत ज्यांच्याकडे होडी, दोर, टायरच्या ट्यूबा होत्या तेच देवासारखे धावले. आता पावसाळ्यात चिपळूण, महाडला तुकडी आधीच आणून ठेवतात, ही माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई आहे.

इर्शाळवाडी तर विसरताच येत नाही. 19 जुलै 2023 ची रात्र, रायगडमधल्या डोंगरावरच्या त्या वाडीवर दरड आली, वर गाडी जात नाही, पोकलेन जात नाही, ट्रेकर पोरं, एनडीआरएफ, आसपासची दलं, सगळे पावसात चिखलातून चालत चढले आणि हातांनी माती उपसली. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. भरती झाली की व्यायाम सोडणाऱ्यांना मी हेच सांगतो, पोट सुटू देऊ नका रे.

आमच्या स्टेशनला एक लिडिंग फायरमन आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. क्लासच्या सरांपेक्षा असा एक काका शोधा असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्राचं किंवा खाडीचं पाणी ओढलं की पंप गोड्या पाण्याने धुवायचा, नाहीतर आतून गंजतो, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात स्वतः करून दाखवलं. पुराच्या वेळी ते आधी विचारतात, भरती किती वाजता? खाडीला उधाण असेल तर नदीचं पाणी उतरत नाही, होडी कुठून घालायची ते त्यावर ठरतं. त्यांना हे कोळीवाड्यातल्या लोकांनी शिकवलं, आणि पावसाळ्याच्या आधी त्यांच्याकडे चहाला जाऊन कुणाची होडी चालू आहे, कुणाचं इंजिन बंद आहे त्याची यादी काका स्वतः करतात. गेल्या वर्षीपासून त्या यादीत माझ्या बाबांच्या होडीचंही नाव आहे, नव्या इंजिनासकट.